पत्त्यातला माणूस : नारायण मल्हार जोशी



यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाचा निरोप आला तेव्हा विषय शोधायला लागला नाही. तो मला गेल्या वर्षी मंडपातच मिळाला होता. आरती आटोपून आम्ही चार निवृत्त मंडळी खुर्च्यांवर टेकलो होतो. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा नातू पेढे घेऊन आला. त्याला मुंबईत नोकरी लागली होती. ऑफिस कुठे आहे असे विचारले, तर त्याने मोबाईलवर पत्ता दाखवला. लोअर परळ, एन. एम. जोशी मार्ग. मग त्यानेच मला विचारले, काका, हे एन. एम. जोशी कोण, त्या गिरणीचे मालक होते का?

मला हसू आले आणि मनाला थोडे लागलेही. मी त्याच रस्त्यावर लहानाचा मोठा झालो. त्या गर्दीत त्याला एका वाक्यात उत्तर दिले, पण एका वाक्यात मावणारा तो माणूस नाही. म्हणून हा लेख. त्या मुलासाठी, आणि खरे सांगायचे तर आपल्या सर्वांसाठी. तीन पाळ्यांत आयुष्य काढलेल्या आपल्यासारख्यांवर या माणसाचे ऋण आहे आणि आपल्याला त्याची कल्पनाही नसते.

आपल्या भिलाईत रस्त्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टर नंबर लिहिला की पत्ता पुरा झाला. सेंट्रल अव्हेन्यू, फॉरेस्ट अव्हेन्यू असे मोजके मोठे रस्ते सोडले, तर आपण सगळे आकड्यांत राहतो. हे गाव आधी कागदावर आखले गेले आणि मग जमिनीवर उतरले. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. त्याच धामधुमीत घरे, शाळा, बाजार सगळे रांगेत उभे राहिले.

मुंबईच्या गिरणगावाचे तसे नव्हते. १८५० नंतर ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि मग भायखळा, लालबाग, परळ, वरळीपर्यंत धुराडी उभी राहिली. गिरणी आली की तिच्याभोवती चाळी येत, आणि चाळींमधून जो रस्ता उरे तो रस्ता. नावे साहेबी किंवा कामापुरती. तुळशी तलावाच्या पाण्याचा नळ जिथून गेला, तो तुळशी पाईप रोड. आमचा तो डिलाईल रोड. पुढे साहेबी नावे गेली. तुळशी पाईप रोडचा सेनापती बापट मार्ग झाला आणि डिलाईल रोडचा ना. म. जोशी मार्ग झाला. पण आमच्या तोंडातून डिलाईल रोड काही गेला नाही. पत्रावर जोशी आणि बोलण्यात डिलाईल, अशी आमची वाटणी होती.

आम्ही बी. डी. डी. चाळीत राहत होतो. १९२० साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते काढले आणि वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यातल्या ३२ आमच्या रस्त्यावर. तळमजला धरून चार मजले, एका चाळीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. भिलाईत मला पहिले क्वार्टर मिळाले तेव्हा मी आधी स्वयंपाकघराची लांबीरुंदी पावलांनी मोजली होती. ते पाहून सौ. हसली होती. तिला चाळीतली खोली ठाऊक नव्हती.

आता मूळ विषयाकडे वळतो.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील, गोरेगाव या गावी झाला. शिक्षण पुण्यात झाले. डेक्कन कॉलेजातून १९०१ साली ते पदवीधर झाले आणि काही वर्षे त्यांनी शाळामास्तरकी केली. त्या काळात पदवीधर माणसाला सरकारी नोकरीचा रस्ता मोकळा होता. नारायणरावांनी तो घेतला नाही. १९०९ साली ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. बेतास बात मानधन आणि आयुष्यभर देशसेवा, असा तिथला व्यवहार. गोखल्यांची शिस्त अशी की आधी अभ्यास करायचा, आकडे गोळा करायचे, मग तोंड उघडायचे. ही शिस्त नारायणरावांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

१९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. भाषणे करून निघून जाणारी ही संस्था नव्हती. कामगारांसाठी रात्रीच्या शाळा, वाचनालये, दवाखाने आणि सहकारी पतपेढ्या तिने चालवल्या. पतपेढीचे महत्त्व आज पटकन ध्यानात येणार नाही. गिरणी कामगाराचा पगार उशिरा व्हायचा आणि तोवर पठाणाचे व्याज वाढत राहायचे. पगाराच्या दिवशी पठाण गिरणीच्या फाटकावर उभा असे. त्या फाटकापासून घरापर्यंत पगार शाबूत नेणे हाच मोठा प्रश्न होता. परळला लीगचे दामोदर नाट्यगृह १९२२ सालापासूनचे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांनी तिथे आपली नाटके केली. कामगार रंगभूमी म्हणतात ती या मातीत वाढली.

१९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतातल्या कामगारांचा प्रतिनिधी म्हणून सरकारने नारायणरावांना पाठवले. आठवड्याला ४८ तास काम हा नियम त्या परिषदेत ठरला. पण भारतासाठी वेगळी सवलत ठेवली, ६० तासांची! इकडच्या कारखान्यांत त्याहूनही जास्त राबवून घेत असल्यामुळे ६० तास हीसुद्धा सुधारणाच होती. १९२२ साली ते कायद्यात आले. १९३४ साली ५४ झाले आणि ४८ तासांसाठी १९४६ साल उजाडावे लागले. सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा हे आपल्या अंगवळणी पडलेले वेळापत्रक आकाशातून पडलेले नाही. त्यामागे २७ वर्षांची चिकाटी आहे.

पुढच्या परिषदांना कामगारांचा प्रतिनिधी पाठवायचा तर तो कामगारांच्या संघटनेने निवडायला हवा, आणि देशभराची अशी संघटनाच नव्हती. ती ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत स्थापन झाली. अध्यक्ष लाला लजपतराय, आणि उभारणी करणाऱ्यांत नारायणराव पुढे. तीच ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस. आपल्या पोलाद उद्योगाचे वेतन करार ज्या एनजेसीएसमध्ये होतात, तिथे बसणाऱ्या संघटनांत जिला आपण आयटक म्हणतो ती हीच. आपल्या शेजारच्या राजनांदगावात ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला तो त्याच १९२० सालचा. मुंबईत जे घडत होते त्याचा वारा छत्तीसगडातही वाहत होता.

१९२१ सालापासून सुमारे पाव शतक नारायणराव दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते. त्या वेळी युनियन करणे किती धोक्याचे होते ते पाहा. मद्रासच्या गिरणी कामगारांची संघटना बांधणारे बी. पी. वाडिया यांच्यावर मालकांनी दावा लावला आणि हायकोर्टाने त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूम दिला. युनियन करणे हाच जणू गुन्हा ठरला. नारायणरावांनी १ मार्च १९२१ रोजी विधिमंडळात ठराव मांडला, की युनियनची नोंदणी व्हावी आणि तिला कायद्याचे संरक्षण मिळावे. त्याचा कायदा व्हायला पाच वर्षे लागली. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा तो हाच.

हरण्याची त्यांना सवय होती. १९२४ साली त्यांनी कामगार स्त्रियांना बाळंतपणात भत्ता मिळावा म्हणून विधेयक आणले, ते सभागृहाने फेटाळले. पण विषय एकदा टेबलावर आला तो आला. १९२९ साली मुंबई प्रांताने तसा कायदा केला. संबंध देशासाठी तो १९६१ साली झाला, तेव्हा नारायणराव हयात नव्हते.

विधिमंडळात बसत असले तरी त्यांचे गिरणगावातले पाय सुटले नव्हते. १९२५ साली मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात केली. दीड लाख कामगार अडीच महिने बाहेर राहिले. उपाशी चुली पेटत्या ठेवण्यासाठी मदत गोळा करणाऱ्यांत नारायणराव होते. शेवटी सरकारने कापडावरील अबकारी कर स्थगित केला आणि मालकांनी कपात मागे घेतली. त्या अनुभवातून जानेवारी १९२६ मध्ये बॉम्बे टेक्सटाइल लेबर युनियन उभी राहिली. रीतसर वर्गणी, पावती आणि हिशोब असणारी संघटना.

इथे मला माझ्या आजोबांना लेखात आणावे लागते.

आजोबा सातारा जिल्ह्यातून गिरणीत आले. १९२८ चा सहा महिन्यांचा संप त्यांनी ऐन विशीत पाहिला. त्या संपात सुरुवातीला सगळे नेते एकत्र होते, नारायणरावही संयुक्त संप समितीत होते. पण कामगारांचे मन जिंकले ते डांगे, मिरजकर, निंबकर, आळवे यांच्या गिरणी कामगार युनियनने. तिचे सभासद ५० हजारांच्या वर गेले आणि जोशींच्या युनियनकडे काही हजार उरले. आजोबा लाल बावट्याचे. आमच्या खोलीत जोशींचे नाव निघाले की आजोबा मान उडवायचे. मवाळ माणूस, अर्जविनंत्या करणारा, एवढ्या दोन शब्दांत ते त्यांना निकालात काढत. ते ऐकतच मी वाढलो आणि मीही तसेच मानत होतो.

आजोबांच्या उजव्या हाताला तीनच बोटे होती. दोन बोटे १९३८ साली कार्डिंग खात्यात यंत्रात गेली. गिरणीचे नाव सांगण्याचे कारण नाही, ती आता राहिलेलीही नाही. मी लहानपणी विचारायचो, बोटे कुठे गेली? आजोबा सांगायचे, एक पठाणाला दिले आणि एक तुझ्या बापाच्या शाळेला. मला वाटे, म्हातारा थट्टा करतो.

थट्टा नव्हती. अपघाताची भरपाई मिळाली होती. लाल बावट्याच्याच एका कार्यकर्त्याने अर्ज भरून दिला आणि कमिशनरच्या कचेरीत खेटे घातल्यावर रक्कम हातात पडली. तिच्यातून पठाणाचे कर्ज फिटले आणि उरलेल्या पैशांवर वडिलांची शाळा सुटता सुटता राहिली. वडील शिकले म्हणून फिटर झाले, आणि ते फिटर झाले म्हणून मी माटुंग्याच्या व्ही. जे. टी. आय.पर्यंत पोचलो. १९७१ साली भिलाईच्या गाडीत बसलो तो आजोबांच्या त्या दोन बोटांच्या जोरावर.

पुढे कधीतरी सेक्टरच्या लायब्ररीत कामगार कायद्यांचे एक पुस्तक हाती लागले. भरपाईचा कायदा १९२३ चा. त्याच्या परिशिष्टात हात, पाय, डोळा, अंगठा, बोटे यांची ओळीने यादी, आणि कोणता अवयव गेल्याने कमावण्याची ताकद किती टक्के घटली ते पुढे लिहिलेले. वाचताना अंगावर काटा आला. माणसाच्या शरीराचा हा बाजारभाव कोणी लिहिला असेल! मग कळले, की ही यादी नव्हती तेव्हा बोटाची किंमत शून्य होती. मालकाने मनात आणले तर चार रुपये, नाही तर गावाची वाट. तो कायदा सरकारने आणला होता. त्या वेळी सभागृहात कामगारांच्या बाजूने बोलायला जो मनुष्य नेमलेला होता, तो आजोबांनी दोन शब्दांत निकालात काढलेला मवाळ माणूस होता.

मी सुट्टीवर गेलो तेव्हा आजोबांना हे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तीन बोटांनी तंबाखू मळली आणि विषय बदलला. मी ताणून धरले नाही. संप करणारे नसते तर कायदा कागदावरच राहिला असता, आणि कायदा नसता तर तो कार्यकर्ता अर्ज कशावर भरणार होता? दोन्ही हवेच होते. पण रस्त्यावरच्या माणसाच्या नावाने घोषणा होतात. सभागृहात कलमाकलमावर झगडणाऱ्याची वेळ येते तेव्हा लोक जांभया देतात.

त्यांच्या पुढच्या आयुष्यातील एक मोठा प्रसंग आपल्या नागपुरात घडला. १९२९ च्या अखेरीस आयटकचे अधिवेशन नागपूरला भरले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला व्हिटले कमिशन नेमले होते. त्यावर बहिष्कार घालावा असे बहुमत पडले. नारायणराव स्वतः त्या कमिशनचे सभासद होते. कामगाराची हकिकत सरकारी दप्तरात नोंदली गेलीच पाहिजे, ही त्यांची धारणा. जी संस्था नऊ वर्षे वाढवली, जिचे ते सरचिटणीस होते, तिच्यातून ते सहकाऱ्यांसह बाहेर पडले. त्या सहकाऱ्यांत पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी होते. कमिशनचा अहवाल १९३१ साली आला आणि पुढच्या कित्येक कामगार कायद्यांना त्याचा आधार मिळाला.

पण मन फाटले तरी त्यांनी दोरा सोडला नाही. १९३८ साली पुन्हा नागपुरातच दोन्ही बाजू एकत्र बसल्या, १९४० साली एकी पुरी झाली आणि सरचिटणीसपद पुन्हा नारायणरावांकडे आले. ज्यांनी त्यांना मवाळ म्हणून हिणवले त्यांनाही घर सांभाळायला हाच माणूस विश्वासाचा वाटला. १९४८ पर्यंत त्यांनी ते काम केले. १९४६ साली नेमलेल्या पहिल्या वेतन आयोगाचे ते सभासद होते. त्या आयोगाने सरकारी नोकराला महागाई भत्त्यासह किमान ५५ रुपये पगार ठरवला. नव्या वेतन आयोगाची बातमी आली की पेन्शनर मंडळी चष्मे पुसून पेपर वाचतात. त्या परंपरेच्या मुळाशीही हा गोरेगावचा मास्तर आहे.

३० मे १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी भिलाईचा करार झाला होता. आपले गाव त्यांनी पाहिले नाही. पण पहिल्या दिवशी फाटकातून आत गेलेल्या कामगाराच्या खिशात त्यांनी मिळवलेले बरेच काही होते. ठरलेले तास, भरपाईचा हक्क, युनियनचे कार्ड.

त्या रस्त्याचे पुढे काय झाले ते बहुतेकांना माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे झाले नाही. ना. म. जोशी मार्गावर मथुरादास मिलच्या आवारात ऑफिसे आणि हॉटेले आली, अपोलो मिलच्या जागेवर उंच टॉवर उभे राहिले. बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडे आला. दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा रंगकर्मींनी आवाज उठवला. लोअर परळचा पूल २०१८ साली धोकादायक म्हणून बंद झाला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात पुरा खुला झाला. पाच वर्षे वर्तमानपत्रांत त्याचे नाव येत होते डिलाईल पूल. साहेब अजून टिकून आहे आणि जोशी आद्याक्षरांत गेले आहेत!

कायद्यांच्या नावांचेही तसेच झाले. १९२३ चा भरपाईचा कायदा, १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९६१ चा मातृत्व लाभाचा कायदा हे सगळे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहितांमध्ये सामावले गेले. त्याबद्दल मते वेगवेगळी आहेत, आणि स्मरणिका ही काही वादाची जागा नव्हे. नाव बदलल्याचेही मला विशेष दुःख नाही. काळजी वेगळीच आहे. आमच्या वेळी गेटातून आत जाणारा बहुतेक माणूस कायम नोकरीतला असायचा. आता सकाळी बोरिया गेटापाशी उभे राहावे तर ठेक्यावरची पोरे सायकली-मोटारसायकलींवरून लोटताना दिसतात. काम तेच, उष्णता तीच, यंत्रे तीच. उद्या त्यांच्यातल्या एखाद्याचे बोट गेले तर अर्ज कोठे करायचा, त्याच्याबरोबर कचेरीत खेटे कोण घालणार, हे त्याला ठाऊक आहे का? कलम पुस्तकात असून भागत नाही. ते माणसापर्यंत पोचवणारा कोणीतरी लागतो. नारायणरावांनी आयुष्यभर हेच पोचवण्याचे काम केले.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. उत्सवाच्या दहा दिवसांत एक संध्याकाळ ठेक्यावरच्या कामगारांसाठी ठेवावी. आपल्यात पर्सोनेल खात्यातून निवृत्त झालेले आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत. भरपाई, पी. एफ., ई. एस. आय. यांची माहिती साध्या हिंदीत आणि छत्तीसगढीत द्यावी, अर्ज भरून द्यावेत. खर्च चहाचा. मी दोन तास टेबलावर बसायला तयार आहे.

आणि त्या नातवाला एवढेच सांगतो. बाळा, ते गिरणीचे मालक नव्हते. त्यांच्या मालकीचे तिथे काहीच नव्हते. तू रोज त्यांच्या नावावरून चालत ऑफिसला जाशील, तेव्हा कधीतरी पाटीकडे मान वर करून बघ. पाटी लहान आहे, पण नाव पूर्ण वाच. नारायण मल्हार जोशी.

गणपती बाप्पा मोरया!